रेडिएटरमधले बुडबुडे

मिरजगाव सोडून वीसेक किलोमीटर झाले नाहीत, तोच जीपचा तापमानाचा काटा लालात गेला. श्रीमंतनं गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर उशीला टेकलेली बनुबाई म्हणाली, "पुन्यांदा तापली व्हय?"

"पानी घालतो. निघू लगीच."

दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा तो बायकोला नगरला डायलिसिसला नेत होता. आज सकाळी नऊला मशीनवर तिची पाळी होती. गेले तीन आठवडे गाडीतलं पाणी कमी होत होतं आणि तो मुकाट्यानं कॅन भरून सोबत ठेवत होता. एखादा पाइप गळत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. गाडी गॅरेजला लावली आणि एखादी पाळी बुडाली, तर? या एका भीतीनं तो दिवस ढकलत राहिला.

आज आख्खा कॅन संपला तरी काटा हलेना. थांबत थांबत त्यानं रुईछत्तीशीजवळचं गिदोनचं गॅरेज गाठलं.

गिदोन मूळचा श्रीरामपूरचा, सावकाश काम करणारा माणूस. इंजिन निवेपर्यंत त्यानं झाकणाला हात लावला नाही. बनुबाईला सावलीत खुर्ची दिली. नऊ वाजून गेले. मग तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. पाइप दाबून बघितले, वॉटर पंपाखाली बोट फिरवलं.

"मामा, बाहेर कुटं थेंब न्हाई."

"मंग बरंच हाय की!" श्रीमंतचा चेहरा उजळला.

गिदोननं रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण उघडंच ठेवलं. "मारा स्टार्टर."

इंजिन सुरू झालं आणि पाण्यात बुडबुडे उठू लागले. थांबेनातच.

"इंजिन अजून थंड हाय, तरी बुडबुडे येत्यात. आतला गॅस पान्यात घुसतोय." त्यानं इंजिन बंद करायला लावलं आणि ऑइलची पट्टी ओढून दाखवली. काळं असायचं ते ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. "पानी ऑइलात गेलंय. हेड, म्हंजी इंजिनाचं वरचं झाकण, त्याच्याखालचं गॅस्केट फुटलंय. तापलेली तशीच पळवली, हेडला बी तडा गेला असंल."

"पानी कमी व्हाया लागलं तवाच आनली असती तर?"

गिदोन हात पुसत राहिला. "निस्तं गॅस्केट बदलून दिलं असतं. आता ह्या गाडीचं हेड मिळत न्हाई, मामा."

"आजच्यापुरती नगरला तरी?"

"पुढच्या वाळुंजपतुर बी न्हाई. इंजिन जाम व्हईल."

श्रीमंतनं हॉस्पिटलला फोन लावला. सिस्टर म्हणाली, तुमची पाळी दुसऱ्याला दिली, आज एकही मशीन मोकळं नाही. पण धाप लागली तर थांबू नका, तसेच घेऊन या. तरी तो रस्त्यावर जाऊन उभा राहिला. नगरची एसटी थांबली. बनुबाईनं दांडी धरली, पण सुजलेला पाय पायरीपर्यंत उचलेना. कंडक्टर खाली उतरला, दोघांनी मिळून धरलं, तेव्हा ती कळवळली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. एसटी गेली.

थोड्या वेळानं पलीकडून कांद्याच्या रिकाम्या गोण्या भरलेला टेम्पो येताना दिसला.

"अवं, त्याला हात करा."

"तो मिरजगावला चाललाय."

"दिसतंय मला."

"बने, आपल्याला नगरला जायचंय."

"कशात बसून?" तिनं शांतपणे विचारलं.

गिदोननंच टेम्पो थांबवला. खुर्ची पायरीला लावून तिला वर चढवलं, तिथून केबिनमध्ये घेतलं. "मावशी, जपून," एवढंच म्हणाला.

टेम्पो निघाला. श्रीमंतनं तिचे पाय मांडीवर घेतले. बोटानं दाबलं तिथं खळगा पडला आणि बराच वेळ भरून आला नाही.

"परवाच्या पाळीला कुनाची तरी गाडी बघतो," तो म्हणाला.

"बघा," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

त्यांच्या वस्तीवर गाडी असणारी आणखी दोनच घरं होती. दोन्हीकडं त्यानं मागंच विचारलं होतं आणि दोन्हीकडून नकार आला होता, हे तिला सांगायची त्याची हिंमत झाली नाही.