न बघता बरा केलेला स्कॅनर

बोलतोय तो मी, केरळातल्या पय्यन्नूरजवळच्या एका गावच्या वाचनालयातला स्कॅनर. माझ्या काचेवर कागद ठेवायचा, झाकण लावायचं. आतला दिवा सरकत जातो आणि कागद जसाच्या तसा संगणकावर उमटतो. काम एवढंच, पण मी ते मन लावून करतो.

आखातात नोकरी करणाऱ्या एका सभासदाने मला इथे भेट दिलं. सुरुवातीला माझे फार लाड झाले. मग जुना संगणक बिघडला. नव्यावर आमच्याकडच्या शाळांमध्ये असते ती मोफत संगणक-प्रणाली आली आणि माझी बोलतीच बंद झाली. संगणकाचं म्हणणं मला कळतं ते ड्रायव्हरमुळे. तो आमचा दुभाषा. माझ्या कंपनीने या प्रणालीसाठी तो केलाच नव्हता. हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही उघडून दुरुस्त करावा असा एक ड्रायव्हर होता, पण त्यात माझ्या धाकट्या भावाची, म्हणजे लहान मॉडेलची, मापं होती. ती मला लावली की दिवा अर्ध्या पानावर अडायचा, आतून कडकड वाजायचं आणि संगणकही गोठायचा.

"भंगारात द्या," सेक्रेटरी कुंजिरामन मास्तर म्हणाले.

"आणि हस्तलिखितं वाळवीला द्या, असंच ना मास्तर?" ग्रंथपाल पद्मजा चिडली.

गावच्या तरुणांनी हाताने लिहून काढलेले ते जुने अंक, प्रत्येकाची एकच प्रत. त्यातल्या एकात पद्मजाच्या आईने, कार्त्यायनी अम्मांनी, लग्नाआधी लिहिलेली कथा होती. अम्मांची नजर आता अधू झाली होती. पडद्यावर अक्षरं मोठी केली तरच त्यांना दिसणार. मोबाईलच्या फोटोत फिकट शाई पिवळ्या कागदात मिसळून जायची. वाचून दाखवते म्हटलं, तर अम्मा म्हणायच्या, "नको मोळे, नको लेकी, माझं मला बघायचंय." आणि नजर दिवसेंदिवस कमीच होत होती.

ड्रायव्हरवाल्यांकडे तक्रार करायचं ठरलं. आमच्याकडे समितीच्या ठरावाशिवाय काही होत नाही. काळा चहा आणि डाळीचे परिप्पुवडे खात सभा झाली. "सदर स्कॅनर चालत नसल्याबद्दल ही सभा तीव्र चिंता व्यक्त करते," असा ठराव झाला आणि सहीशिक्क्यासह त्याचा फोटो रवाना झाला. नेमकं काय बिघडलंय ते मात्र कुणीच लिहिलं नाही.

तो ड्रायव्हर सांभाळणारी शहाना कोळिकोडची. नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता ती हे काम करते. तिने पद्मजाला फोनच केला, आणि ताई म्हणावं तसं 'चेची' म्हणत सुरुवात केली.

"चेची, ठराव एकमताने मंजूर! आता सांगा, आवाज कसा येतो?"

पद्मजाने फोन माझ्या अंगाला लावला.

"बाप रे! तुमचं मॉडेल मी जन्मात पाहिलेलं नाही. आता तुम्हीच माझे डोळे. काचेवर पट्टी ठेवा आणि दिवा कुठे अडतो ते सांगा."

अशा त्या दोघी माझ्यामागे लागल्या. शहानाने ड्रायव्हरमध्ये करून पाठवलेल्या पहिल्या दुरुस्तीनंतर माझा दिवा थेट टोकाला जाऊन धडकला.

"अगं, हा आता डोकं आपटून घेतोय!"

"वायर काढा, चेची, वायर!"

मला वाटलं, संपलो. दुसऱ्या दुरुस्तीनंतर पान पूर्ण आलं, पण जरा डुलकी लागली की मी उठेचना. शहानाने तेही निस्तरलं. मग ड्रायव्हरमध्ये माझं स्वतःचं नाव लागलं, माझ्या स्वतःच्या मापांसकट. त्या दिवशी मला भरून आलं.

रविवारी अम्मा पडद्यासमोर बसल्या. ओठ हलवत त्यांनी आपल्या कथेचं पहिलं पान वाचलं.

"ही पोरगी बरं लिहायची की गं," त्या म्हणाल्या. "मग थांबली कशाला?"

अम्मांनी पुढचं पान मागितलं, मग त्याच्या पुढचं. शेवटी म्हणाल्या, "कागद आण. आणि जाड निबाचं पेन."

शहाना, तू मला अजून पाहिलेलं नाहीस. तुझे उपकार मी कसे फेडू? माझ्यासारखे कितीतरी जण ठिकठिकाणी भंगाराच्या वाटेवर आहेत. त्यांच्याही अंगाला कुणी फोन लावला, तर ऐकून घे.

अम्मा आता रोज लिहितात, एका पानावर चारपाच ओळी, बोटाएवढी अक्षरं. ते पान पद्मजा माझ्या काचेवर ठेवते. कालच्या पानाची शाई वाळलीच नव्हती, काचेला निळा डाग लागला. पद्मजा फडकं घेऊन आलीय. बाई गं, एवढ्यात पुसू नकोस.