तारामती नावाची कुणी न्हाय

मित्रांनो, तुमच्या मोबाइलच्या काळात मला कोण ओळखणार? मी विम्याची जुनी पॉलिसी आहे. पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद. उमरग्याजवळच्या एका गावात महालिंगप्पांनी लग्नाच्या वर्षीच मला काढलं. आपल्या माघारी पैसे कुणाला, या रकान्यात एजंटानं नवरीचा शाळेचा दाखला पाहून नाव लिहिलं, तारामती. सासरी मात्र लग्नातच तिचं नाव बदललं होतं. साऱ्या गावाची ती शांताक्का.

पंचवीस वर्षं महालिंगप्पा हप्त्याची पावती माझ्या घडीत जपून ठेवायचे. शेवटचा हप्ता भरला आणि दोन महिन्यांत ते गेले. शांताक्कानं त्यांचे कागद धोतराच्या फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवले. ती गाठ सोडायचा तिला धीर होईना. औषधालाही ती दिराकडं पैसे मागू लागली.

मुदत संपली तसं कंपनीचं पत्र आलं. दीर वीरप्पा दारातच पोस्टमनला म्हणाला, "अण्णा वारले. तसं लिवून परत धाडा." मग वारसाच्या नावानं पत्र आलं.

"तारामती? या घरात त्या नावाची कुणी न्हाय," म्हणत वीरप्पानं तेही परत धाडलं.

शांताक्का तेव्हा शेतात होती. ते नाव माझ्या अंगावरच होतं, पण कागदाला बोलता कुठं येतं?

आठ वर्षांनी लेक शिवलीलानं गाठ सोडली. "अव्वा, ही तारामती कोण?"

"मीच की गं," शांताक्का हळूच म्हणाली.

न मागितलेल्या रकमा कंपनीला आपल्या संकेतस्थळावर दाखवाव्याच लागतात. शिवलीलानं तिथं शोधलं, रक्कम होती. दहा वर्षं कुणी मागितली नाही, तर अशी रक्कम सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथूनही पंचवीस वर्षं मागता येते.

उमरग्याच्या कचेरीत साहेब म्हणाले, "मावशी, आधारवर शांताबाई, इथं तारामती. दोघी एकच कशावरून?"

अणदूरहून, माहेराहून, शाळेचा दाखला आणला. साक्षीला वीरप्पा उभा राहिला. "पत्र म्याच परत धाडलं, साहेब. वहिनीचं माहेरचं नाव कधी इचारलंच न्हाय."

"तेहतीस वर्षं माझ्या हातचं जेवलात की, भावजी," शांताक्का म्हणाली. वीरप्पानं मान खाली घातली.

पैसे तिच्या खात्यावर आले. मी आता कंपनीच्या फायलीत पडून आहे; माझं काम झालं. मित्रांनो, आज घरी गेलात की वडीलधाऱ्यांचे कागद त्यांच्याजवळ बसून उघडा. आणि आजीला, आईला त्यांचं माहेरचं नाव विचारा.