तिसरा आग्रह

ऑक्टोबर संपता संपता हार्लन ब्रेक्केनं आपलं बर्फ उडवायचं यंत्र शेजारच्या लॉइडला देऊन टाकलं, तेव्हाच ऑल्डर क्रीक गावानं ओळखलं की गडी आता इथे राहत नाही. विस्कॉन्सिनचा माणूस एक वेळ बायको सोडेल, चर्च बदलेल, पोटात दोन ब्रँडी जास्त गेल्या तर शत्रूच्या, म्हणजे शिकागोच्या, फुटबॉल संघासाठी टाळ्याही वाजवेल. पण हिवाळा दारात उभा असताना बर्फयंत्र देऊन टाकणं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःच्या नावावर काट मारणं.

हार्लन अठ्ठ्याहत्तरचा. चाळीस वर्षं त्यानं दुधाचा टँकर चालवला. बायको आर्डिस दोन वर्षांपूर्वी गेली. गेल्या जानेवारीत तो अंगणात घसरून पडला आणि टपालवाली येईपर्यंत पाऊण तास आभाळ बघत पडून राहिला. त्याला उचलल्यावर बर्फात त्याचा ठसा उमटला होता, तो म्हणे मार्चपर्यंत तसाच दिसत होता, टोपीच्या गोंड्यासकट. मी स्वतः पाहिलाय, त्यामुळे निम्मं तरी खरं धरा.

अशात मुलीचा, मार्लाचा, फोन आला; ती नवऱ्याबरोबर, व्हिन्सबरोबर, तिकडे वाळवंटातल्या फिनिक्सला राहते. "बाबा, मी येतेय. शुक्रवारी निघू, मिलवॉकी बघू, रविवारी परत. तुम्ही आणि आई कायम जाऊ जाऊ म्हणायचात ना? आणि मला जरा बोलायचंय तुमच्याशी."

बोलायचंय म्हणजे तिकडे राहायला बोलवायचंय, हे हार्लननं ओळखलं, आणि मनाशी 'हो' म्हणून टाकलं. ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नाही, म्हणून मंगळवारपर्यंत सगळ्या गावाला कळली. चर्चच्या बायकांनी निरोपाची कॉफी केली, एक रजई शिवून दिली. तिच्यावर फिनिक्सची खूण म्हणून निवडुंग काढला होता. निवडुंग त्यातल्या एकीनंही पाहिलेला नव्हता, त्यामुळे तो पोलिसांनी धरलेल्या काकडीसारखा हात वर करून उभा होता. हार्लन म्हणाला, "वेगळीच आहे." बायका खूश झाल्या. लोकरीचे आतले कपडेसुद्धा त्यानं चर्चच्या पेटीत टाकले.

फक्त एकच गोष्ट व्हायची राहिली होती. बोलावणं अजून आलं नव्हतं.

आता बोलावण्याची आमच्याकडची रीत अशी, की पहिल्यांदा विचारलं की 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की पुन्हा 'नको', आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, एवढं म्हणताय तर' असं म्हणून घ्यायचं. मग ती कॉफी असो नाहीतर किडनी. पहिल्या हाकेला हो म्हणणारा हावरट, आणि दोनदा विचारून थांबणारा मनापासून न विचारणारा. एल्मर हाउगेनच्या घराला आग लागली तेव्हा बंबवाल्यांनी खिडकीला शिडी लावली. धुरातून एल्मर म्हणाला, "नको नको, तुम्ही कशाला त्रास घेता." दुसऱ्यांदा म्हणाला, "मी बरा आहे इथे." तिसऱ्या हाकेला उतरला. भुवया जळाल्या होत्या, अब्रू शाबूत होती.

शुक्रवारी मार्ला भाड्याची गाडी घेऊन आली. बापाची बॅग उचलताना वाकली. "दोन दिवसांसाठी काय भरलंय एवढं?"

"लागतं काहीबाही," हार्लन म्हणाला. आत अर्ध्या बाह्यांचे चौदा शर्ट आणि आर्डिसचा फोटो होता.

चार तास गाडी हाकून ती दोघं मिलवॉकीच्या अलीकडे एका खाणावळीत थांबली. शुक्रवारी तळलेला मासा खायचा ही इकडची रीत, त्यामुळे सगळं राज्यच मासा खात बसलं होतं. मार्लानं काटा खाली ठेवला.

"बाबा, माझ्याकडे या. राहायलाच या. मागची खोली रिकामी पडलीय."

हार्लनचं काळीज माशासारखं उडालं. पण हात हलला नाही. "छे छे. तुम्हाला कशाला अडचण." आणि त्यानं ब्रेडला लोणी लावलं.

एक आग्रह झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिट्टी वाजवत दाढी करत होता.

शनिवारी मार्ला त्याला मिलवॉकीच्या बागेतले काचेचे तीन मोठे घुमट बघायला घेऊन गेली. एका घुमटात पावसाळी जंगल आहे, एकात मोसमाची फुलं, आणि एकात अख्खं वाळवंट. वाळवंटात शिरल्यावर मार्ला हसली. "हे म्हणजे आमचं अंगणच की!"

हार्लननं खरा निवडुंग बघितला. काकडीशी त्याचं काही नातं नव्हतं. चर्चच्या बायकांना कळवायला हवं, असं तो बोलणारच होता, पण रजईचं बिंग फुटलं असतं, म्हणून तो निवडुंगाखालची पाटी वाचायला लागला.

"खरंच या ना, बाबा. तिकडच्या उन्हात तुमचे गुडघे दुखायचे थांबतील."

"नको गं. मी तिकडे येऊन काय करू? तुमच्या पायांत पायांत येईन नुसता."

मार्ला त्याच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि निवडुंगाचा फोटो काढायला लागली.

दोन झाले. दुसरा जरा कोरडाच असतो, त्यात विशेष काही नाही. खरी माया तिसऱ्यात.

दुपारी दोघं कस्टर्ड आईसक्रीमच्या दुकानाबाहेर बाकावर बसली. गार आईसक्रीम आणि त्याहून गार वारा. तिसरा काही येईना. हार्लननं मग आयुष्यात केली नव्हती अशी बेशरम गोष्ट केली. स्वतःहून विषय काढला.

"तुझ्याकडे जानेवारीत हवा कशी असते गं?"

मार्लानं फोनमध्ये बघितलं. "सत्तर फॅरनहाइटच्या आसपास. कोवळं ऊन."

"असं. म्हणजे लोकरीचं आतून काही घालावं लागत नसेल."

"छे!"

"मी माझे देऊन टाकले," हार्लन म्हणाला. ब्रेक्के घराण्यात याच्यापेक्षा जास्त भीक कुणी मागितलेली नाही.

"बरं केलंत. विरलेच होते ते," मार्ला म्हणाली. "जाताना तुम्हाला नवे घेऊ."

आणि घेतले. दोन जोड, जाड लोकरीचे.

रविवारी सकाळी ती दोघं तळ्याकाठच्या कलादालनापाशी गेली. तळं म्हणजे समुद्रच, फक्त मीठ विसरलेला. त्या इमारतीच्या डोक्यावर दोन प्रचंड पांढरे पंख आहेत, ते दुपारी बारा वाजता मिटतात आणि पुन्हा उघडतात. आर्डिसला ते बघायचे होते. वर्तमानपत्रातलं कात्रण तिनं फ्रिजवर चिकटवलं होतं, ते पिवळं पडून गळून गेलं. पाऊणशे माणसं माना वर करून उभी होती. हार्लननं टोपी काढून हातात घेतली. त्याला वाटलं, हीच ती जागा. मार्लानं मुद्दाम इथपर्यंत राखून ठेवलंय. आईची आठवण, पंख, आणि तिसरा आग्रह. पोरगी शेवटी इथलीच.

बारा वाजले. पंख सकाळपासून मिटलेले होते, तसेच राहिले. रखवालदार बाहेर आला. "वारा फार आहे मंडळी, आज उघडत नाहीत. माफ करा."

"काही हरकत नाही," पाऊणशे माणसं एका सुरात म्हणाली.

मार्लानं बापाच्या दंडाला हात लावला. "बाबा, मी तुम्हाला परत विचारणार नाहीये."

हार्लननं ऐकलं. ऐकूनही तो थांबला होता. पुढे अजून काही असेल.

"आपल्या घरात कुणी काही धड बोलायचंच नाही. आईच्या प्रत्येक 'नको'मागे काय दडलंय ते ओळखण्यात माझं सगळं लहानपण गेलं. थकले मी. म्हणून ठरवलं, माणूस 'नको' म्हणाला की त्याचं 'नको' ऐकायचं. हाच मान. तुम्ही दोनदा सांगितलंत, मी ऐकलं." ती हसली. लहानपणापासूनची गाठ सुटल्यासारखी. "काल व्हिन्सशी बोलले. ती खोली त्याच्या आईला देतोय आम्ही. एकदाच विचारलं, लगेच हो म्हणाल्या."

"एकदाच विचारून?" हार्लन म्हणाला.

"न्यू जर्सीच्या आहेत ना, तिकडे सरळ बोलतात. वाईट नाही ना वाटलं तुम्हाला?"

'येतो' हा शब्द हार्लनच्या दातांपर्यंत आला होता. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यानं कुणी पुढे केल्याशिवाय ताटातला बटाटा उचलला नव्हता. अख्खी खोली कशी उचलणार?

"छे," तो म्हणाला. "छान झालं. खोली वाया नाही गेली."

परतीच्या वाटेवर मार्लानं गाडी थांबवून चीजचे ताजे गोळे घेतले, ताजे असेपर्यंत दाताखाली कुंईकुंई वाजतात ते. ती दोघं ऑल्डर क्रीकला पोचली तेव्हा ऊन कलत होतं.

आमच्याकडे निरोप घ्यायला तासभर लागतो. स्वयंपाकघरात एकदा, दारात एकदा, पायरीवर, गाडीपाशी, आणि काच खाली करून शेवटचा. महत्त्वाचं सगळं त्या तासातच बोललं जातं. हार्लनचा भरवसा अजून त्या तासावर होता. मार्लाला विमान गाठायचं होतं. तिनं बॅग आत नेऊन ठेवली, बापाला मिठी मारली आणि चौथ्या मिनिटाला गाडी सुरू केली.

मग काच खाली आली. "बाबा!"

हार्लन धावला. त्या वयात जेवढं धावता येतं तेवढं.

"हे चीज ठेवा तुम्हाला."

"नको, तू ने."

"अहो, घ्या ना."

"नको गं. वाटेत खाशील."

"बाबा, घ्या हो! मला विमानात कशाला?"

हार्लननं पिशवी घेतली. गाडी वळली, कोपऱ्यावर दिवा लुकलुकला, गेली. तो हात वर करून उभा राहिला, अगदी रजईवरच्या त्या निवडुंगासारखा.

गुरुवारी पहिला बर्फ पडला, घोट्याच्या वर. हार्लन फावडं घेऊन बाहेर आला. चार फावडी टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पलीकडून लॉइड यंत्र ढकलत आला. हार्लनच्या घरातला दिवा रोज लागत होता, सगळ्या गावानं पाहिला होता, पण 'गेला का नाहीस?' असं चार दिवसांत एकानंही विचारलं नव्हतं.

"मिलवॉकी कसं होतं?"

"वाईट नव्हतं."

"ते पंख बघितलेस?"

"वारा होता."

लॉइडनं मान हलवली. "हे घे बाबा तुझं यंत्र. माझ्या गॅरेजात अडगळ होतेय."

"नको, दिलंय ते दिलंय."

"अरे, घे."

"नको रे. फावडं आहे ना."

लॉइडचं गणित असं, की जन्मभर गाई पाळल्या आणि रोजची मोजणी वेगळी यायची. एकदा त्यानं पाद्र्यालाही गाईंत धरलं होतं. पण तीनपर्यंत त्याला पक्कं येत होतं.

"हार्लन, लेका, घे म्हणतो ना!"

"बरं," हार्लन म्हणाला. "एवढं म्हणतोस तर." मग घरात जाऊन चीजची पिशवी घेऊन आला आणि लॉइडपुढे धरली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

दोघांनी बर्फात उभ्यानं खाल्लं. चार दिवसांचं झालं होतं ते, दाताखाली वाजेना. दोघांनाही कळलं. दोघांनी पिशवी संपवली.