कोटाची जाडी

बाबांनी रायफलचा बोल्ट मागे ओढून बाहेर काढला, वाकून आत पाहिलं, मग करंगळी घालून चाचपलं आणि ती लोर्नापुढे धरली. हात मात्र काढला नाही.

"बघ."

तिनं पाहिलं. "रिकामी."

"मग?"

"घेतली."

तेव्हा कुठे त्यांची पकड सुटली. ती अकरा वर्षांची असताना त्यांनी तिला हा रिवाज शिकवला होता. आज ती शेहेचाळीस वर्षांची होती, तरी त्यातली एकही पायरी गाळायची सोय नव्हती.

ऑक्टोबरातला रविवार होता. शेडच्या उघड्या दारातून बिटररूटचे डोंगर दिसत होते, माथ्यावर वर्षाचं पहिलं बर्फ. शिकारीचा हंगाम दोन आठवड्यांवर आला होता. गेल्या वर्षी एल्कच्या, त्या थोराड हरणांच्या, मागावर चढताना बाबांना अर्ध्या वाटेतच धाप लागली. आयुष्यात पहिल्यांदा रायफल ड्वेनच्या खांद्यावर देऊन ते खाली उतरले. ड्वेन त्यांचा गेल्या चाळीस वर्षांपासूनचा शिकारीतला सोबती; त्यानं हे कोणाला सांगितलं नाही. बाबांनीच सांगितलं, फोनवर, दुसऱ्या कोणाची गोष्ट असावी तसं. लोर्नानं त्याच आठवड्यात रायफलसाठी हलका दस्ता शोधायला सुरुवात केली.

बाबांनी तो खोक्यातून काढला आणि बोटांनी वाजवून पाहिला.

"टरबूज आहे का ते?" ती म्हणाली.

"पोकळ वाटतंय. अक्रोडाच्या लाकडाला घराबाहेर काढून प्लास्टिक आणलंस."

"प्लास्टिक नाही बाबा, कार्बन."

"म्हणजे कोळसा."

"दीड पौंडानं हलका आहे हा कोळसा. कड्यापर्यंत चढाल, मग नावं ठेवा."

दोन स्क्रू काढून बाबांनी जुना दस्ता सोडवला. मुठीच्या जागी लाकूड काळं पडलं होतं, हाताच्या घामानं. तो त्यांनी फ्लॅनेलच्या जुन्या शर्टात गुंडाळून फळीवर ठेवला. नवा बसवला. नळीखालून डॉलरची नोट सरकवत पार मागपर्यंत नेली. कुठे अडली नाही.

"नळी कुठेच टेकता कामा नये," ते म्हणाले. "लाकूड भिजलं की फुगायचं, नळीला ढकलायचं. मग दोष कुणाचा? माझ्या डोळ्यांचा!"

मग त्यांनी पाना लावला, ठरावीक ताण आला की टक् करणारा, आणि हळूहळू पिळू लागले.

"यंदा वरच्या कुरणात कळप आहे म्हणे. ड्वेननं पाहिला."

लोर्ना बाकाची कड धरून उभी राहिली. अकराव्या वर्षी, मेलेल्या हरणाचे उघडे डोळे पाहून ती गाडीत ओरडली होती, मी परत कधीच येणार नाही. बाबा शब्द पाळणारे, दुसऱ्यानं दिलेलासुद्धा. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. आणि पुढच्याच हिवाळ्यात, पहाटे त्यांच्या गाडीचे दिवे फाटकातून वळताना पाहून, तिला गाडीमागे धावत जावंसं वाटलं होतं. त्याला चौतीस हंगाम झाले. मी येऊ का, एवढंच म्हणायचं. तिनं श्वास घेतला.

टक्.

"झालं," बाबा म्हणाले. "ह्याच्या पुढे गेलं की तुटतं. जरा खांद्याला लाव बघू, नळीवरची दुर्बीण सरळ बसली का सांग. माझ्या डोळ्यांपुढे सगळंच धुकं."

तिनं बोट चापापासून दूर ठेवून रायफल डोंगराच्या दिशेनं उचलली.

"दस्ता लांब पडतोय मला."

"तुला पडेलच. दुर्बीण?"

"मान पुढे काढावी लागते. पण सरळ आहे."

त्यांनी मान हलवली. तिच्या कोपरापासून बोटापर्यंत एकदा पाहिलं. मग रायफल घेऊन दस्त्याच्या टोकाची रबरी गादी उघडली. आत दस्त्याची लांबी जुळवायच्या, पाव-पाव इंचाच्या तीन काळ्या पट्ट्या होत्या.

"आता ते कशाला?"

"कोट, पोरी. शर्टावर बेतलेली बंदूक बर्फात अडते. कोटाची जाडी धरावी लागते." त्यांनी तिच्याकडे पाठ केली. "जा, कॉफी ठेव. तुझी नको, खरी कॉफी."

गुरुवारी सकाळी शेजारणीला ते लाकडांच्या ढिगाशी सापडले. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले. सगळेच असं सांगतात, लोर्नाला वाटलं. पण कुऱ्हाड ओंडक्यात नीट रोवलेली होती; तेवढा वेळ त्यांना मिळाला होता.

हंगामाच्या पहिल्या दिवशी, उजाडता उजाडता, ड्वेन आला. रायफल त्याला द्यायची, असं तिनं दफनाच्या दिवशीच ठरवलं होतं. वापरात राहील, हे बाबांना आवडलं असतं. शेडमध्ये गारठा होता. तिनं खुंटीवरचा बाबांचा जाड कोट अंगावर घेतला होता.

ड्वेननं आत पाहिलं, करंगळी घातली, रायफल दाराबाहेर रोखली आणि लगेच खाली घेतली. पुन्हा लावली. त्याचं नाक अंगठ्यावर टेकत होतं.

"ही मला लहान होतेय."

"कोटासाठी पट्टी काढलीय त्यांनी."

"कोटासाठी एक काढतात." त्यानं गादीची फट नखानं चाचपली. "इथे एकही नाही. आणि दुर्बीण केवढी मागे घेतलीय! तुझ्या बापाचे हात माझ्याहून लांब. त्याला तर ही खेळण्यासारखी झाली असती. चुकला म्हणावं, तर तो माणूस मापात चुकत नसे."

बाकावरच्या कॉफीच्या डब्यात तिन्ही पट्ट्या होत्या, रबरबँडनं एकत्र बांधलेल्या.

ड्वेननं तिच्याकडे पाहिलं. तिच्या कोटाच्या बाहीकडे पाहिलं. मग रायफल तिच्यापुढे धरली.

"बघ."

"रिकामी."

"मग?"

"घेतली."

तिनं ती उचलली. मान पुढे काढावी लागली नाही. गाल आपोआप टेकला, बोट चापाच्या शेजारी पोचलं, आणि दुर्बिणीच्या मधोमध, पूर्ण गोल, कडांना काळी सावली न येता, वरचं कुरण उभं राहिलं. बर्फ, पिवळं गवत, देवदारांची रांग.

"मी निघू मग?" ड्वेन दारातून म्हणाला. "चढायला तीन तास लागतात."

लोर्नानं रायफल खाली घेतली. बोल्ट उघडाच होता, तरी तिनं आत पाहिलं, करंगळी घालून चाचपलं. मग फळीवरच्या फ्लॅनेलच्या गाठोड्याकडे वळून ती मोठ्यानं म्हणाली,

"मला यायचंय."