पाच झुडपं

सुनेने नातीच्या तोंडात बोट घालून हिरवा लगदा बाहेर काढला आणि तळहातावर घेऊन आजोबांपुढे धरला.

"बाबा, हे कशाचं पान आहे?"

कुंपणालगत, नळापासून फाटकापर्यंत, पाच झुडपं ओळीने उभी होती, आठवड्यापूर्वी त्यांनीच लावलेली. निवृत्त झाल्यापासून त्यांनी बागेचं वेड घेतलं होतं. गल्लीतले लोक त्यांना 'बागायतदार' म्हणून चिडवत आणि ते मनातून खूशही होत. झुडूप फुलावर असताना हलवायचं नाही, ऊन उतरल्यावर लावायचं, खड्डा मुळांच्या दुप्पट घ्यायचा आणि आधी पाण्याने भरायचा, हे सगळं त्यांनी वाचून तोंडपाठ केलं होतं. बांधलेलं काही खोडावर ठेवायचं नाही, पुढे ते रुततं, हेही वाचलं होतं. म्हणून रोपं घरी आणल्या आणल्या त्यांनी कात्रीने सगळे दोरे कापून टाकले होते.

"थांब, रोपवाटिकेत विचारतो," असं म्हणून त्यांनी फोन लावला.

"काका, चार बॉटलब्रश आणि एक कण्हेर," रोपवाटिकावाला म्हणाला. "तुम्हीच म्हणालात ना, बाहेरच्या बाजूला गुरं तोंड लावतात म्हणून. कण्हेरीला शिवत नाहीत ती. लाल दोरा कण्हेरीचा. मी बजावून सांगितलं होतं."

"दोरे कापले मी."

"मग फूल येईपर्यंत तुम्हाला नाही ओळखता येणार, दोन्हींची पानं तशीच लांबट. काका, पोरीला आधी दवाखान्यात न्या. कण्हेर वाईट असते. हृदयावर जाते."

फोन स्पीकरवर होता. सुनेने सगळं ऐकलं. ती पोरीला उचलून गाडीकडे पळाली, तेव्हा पोर तिच्या खांद्यावरून आजोबांकडे बघून हसत होती.

"बाबा, चला!"

"डॉक्टरांना दाखवायला पानं घेतो. तू गाडी काढ."

ते कुंपणाशी वाकले. प्रत्येक झुडपाची खालची पानं कुठे ना कुठे तुटलेली होती. पोरीने नेमकं कुठलं तोडलं, काही समजायला मार्ग नव्हता. बाहेर हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला. आजोबा आले ते पाच डहाळ्या मुठीत धरून. गाडीत बसताच त्यांनी पाण्याची बाटली मागितली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी डहाळ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि मान हलवली.

"मला झाडांतलं कळत नाही. आपण ईसीजीची पट्टी काढू."

पोरीच्या एवढ्याशा छातीवर तारा चिकटवल्या तशी ती रडायला लागली. तेवढ्यात मुलगा कामावरून धावत आला. झालं काय ते त्याला बायकोने सांगितलं. "बाबांनी दोरे कापले" एवढं वाक्य मात्र तिने गाळलं, आणि ते आजोबांच्या लक्षात आलं. मुलगा आत पोरीजवळ गेला. आजोबा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दार उघडलं की ते मान वर करून बघत.

दुपार कलली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"पट्ट्या अगदी व्यवस्थित आल्या आहेत. त्रास व्हायचा असता तर एव्हाना दिसला असता. तिने खाल्लं ते कण्हेर नसावं. तरी रात्रभर इथेच ठेवू."

त्या पुढे निघून गेल्या. सून मटकन बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून पहिल्यांदाच रडली. आजोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात गार होता, ओला होता.

"माझी चूक झाली, पोरी."

"असू दे, बाबा. वाचली ना ती." तिने डोळे पुसले. "पण घरी गेलो की ती पाचही झुडपं उपटायची."

"पाच कशाला? चार बिचारी निरुपद्रवी आहेत." आजोबांनी मान मागे भिंतीला टेकवली. कपाळावरचा घाम पुसायलासुद्धा त्यांनी हात उचलला नाही. "नळाजवळचं तेवढं काढ. हातमोजे घालून."

"नळाजवळचंच कशावरून?"

"तेवढंच फार कडू लागलं."