बाटलीत बुडबुडे नव्हते

दुपारचा एक वाजून चाळीस मिनिटं. बोईसरच्या एका दवाखान्याच्या दारात पालघरला निघालेली रुग्णवाहिका. आत मंगळी, वय चौतीस, तारापूरच्या एका रसायन कारखान्यातली सफाई कामगार, सकाळच्या वायुगळतीत सापडलेली. तिच्या नाकाला लावलेली ऑक्सिजनची नळी म्हणजे मी. मीच बोलते, कारण त्या गाडीतलं दुसरं कुणी बोलायला तयार नाही.

माझं आयुष्य एका माणसापुरतं. पिशवी फाडायची, दोन टोकं नाकपुड्यांत, दोन फाटे कानांवरून, आणि काम संपलं की कचरा. एवढ्याशा कामाचाही मला अभिमान होता.

गाडीतला सिलिंडर भरलेला होता. तो उघडायची चावी नव्हती. चाव्या हरवतात, म्हणून चालक ती आपल्याच जुडग्यात अडकवतात. सकाळच्या पाळीचा नामदेव ती खिशात घालून घरी गेला होता. मदतनीस ललितने फोन लावला.

"अरे, माझ्याकडंच राहिली रे! मी केळव्याला पोचलो पन."

नवा चालक म्हणाला, "आतून दुसरी मागून आन ना."

"परत कागद, परत सही. पालघर काय लांब हाय? नळी लावून ठेवतो. तिचा नवरा येतोय, बघंल."

म्हणजे मी दाखवण्यापुरती.

नवरा जिवल्या चढला, गाडी निघाली. वॉर्डात सकाळपासून त्याने एकच गोष्ट पाहिली होती: नळीला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्यात उठणारे बुडबुडे. ते उठत असले की हवा चालू.

"दादा, पानी गप हाय. बुडबुडं नाय येत."

"नळी लावलीय ना? तू डाक्टर हायस का? बस गप," ललित म्हणाला.

शिकलेल्या माणसापुढे गप्प बसायचं, एवढंच जिवल्याला आजवर शिकवलेलं. मग तो बायकोच्या कानाशी वाकून म्हणाला, "मंगळे, वढ. हवा येते हाय."

तिने ओढलं. माझ्यात काही नव्हतं. तिने मला दोनदा काढून टाकलं. दोन्ही वेळा त्याने मला परत तिच्या नाकात बसवलं.

पालघर आलं तेव्हा ती गेली होती.

आता मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत आहे, उद्या माझे तुकडे होतील. त्याआधी कुणीतरी गाडीत भरलेला नोंदीचा कागद वाचा. त्यावर लिहिलंय: 'ऑक्सिजन, मिनिटाला चार लिटर, संपूर्ण प्रवासात दिला.' खाली सही आहे, नाव नाही.

चावी केळव्याहून संध्याकाळी परत आली. मग दुपारी तो सिलिंडर कुणी उघडला, हे अद्याप कुणीही सांगितलेलं नाही.