शिशाची बॅटरी आणि तीनशे बारा पावलं

आमच्या मासेमारी क्लबचा नियम ज्यांनी लिहिला त्या सगळ्यांच्या कंबरा तेव्हा शाबूत होत्या. नियमाबद्दलची माझी पहिली तक्रार हीच.

आमच्या धरणात पेट्रोलचं इंजिन चालत नाही. अर्ध्या जिल्ह्याचं पिण्याचं पाणी आहे ते, त्यामुळे बंदी रास्तच आहे. सगळ्यांच्या पत्र्याच्या छोट्या बोटी, मागे विजेची मोटर, आणि मोटरला बॅटरी. बोटी काठावर साखळीने बांधलेल्या असतात, बॅटरी मात्र चार्जिंगला घरी न्यावी लागते. गाडी फाटकापाशी अडते. तिथून पाण्यापर्यंत उताराची तीनशे बारा पावलं.

नियम असा. दर सप्टेंबरात, हंगाम उघडण्याआधी, प्रत्येकाने आपली बॅटरी आपल्या हाताने, कुठेही खाली न टेकवता पाण्यापर्यंत न्यायची. मग त्याच बॅटरीवर पलीकडच्या पिवळ्या तरंगत्या पिंपाला वळसा घालून परत यायचं. जमलं तर वर्षभर एकट्याने बोट न्यायला मोकळीक. नाही जमलं तर दुसऱ्याच्या बोटीत पाहुणा म्हणून बसायचं. दोनदा करून बघता येतं, बस.

मी नोरीन ट्रॅगर, वय एकाहत्तर. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, म्हणजे एकतीस वर्षं पाठीमागे चाळीस पोरांचा गलका. धरणावर मी माशांसाठी जाते, पण त्याहून जास्त गप्प बसायला जाते. गेल्या हिवाळ्यात मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा किलोंच्या वर काही उचलायचं नाही. माझी जुनी बॅटरी एकतीस किलोंची.

"काळजी कशाला करतेस, नोरीन," आमचा सेक्रेटरी ऑब्री म्हणाला. "लायलच्या बोटीत जागा आहे. त्याने मऊ उशीसुद्धा ठेवलीय."

"त्या उशीवर तू बस."

लायल वाईट माणूस नाही. पण तो बोलतो. पहाटे दोर सोडल्यापासून तो आपल्या पोटाबद्दल बोलायला लागतो, आणि सूर्य डोक्यावर येईतो आतड्यापर्यंत पोचलेला असतो. त्या बोटीत एक हंगाम काढण्यापेक्षा मी मासेमारी सोडली असती. आणि मासेमारी सोडली असती तर मी घरी बसून भिंतींशी भांडले असते.

तेव्हा मी डोकं चालवलं. जुन्या बॅटरीवर शंभर एएच लिहिलेलं, म्हणजे तिच्यात किती वीज मावते तो आकडा. मी पन्नासची आणली, तशीच शिशाची. वजन पंधरा किलो. ताकद निम्मी, वजन निम्मं, सरळ हिशेब. शंभरवर मी दोन फेऱ्या मारायची, तर पन्नासवर एक फेरी होईलच.

पहिल्या शनिवारी तीनशे बारा पावलं मी अशी उतरले की ऑब्रीचं तोंड बघण्यासारखं झालं. पिंपापर्यंत गेले, वळसाही घातला. परतीच्या वाटेवर मोटरचा आवाज बारीक झाला, मग आणखी बारीक, मग नुसतीच कुरकुर. काठ अजून पाऊण किलोमीटर. माझ्यासमोर पाणकावळा बुडी मारून वर आला, माझ्याकडे बघितलं आणि परत बुडाला.

ऑब्री दोर घेऊन ओढायला आला. ओढता ओढता शीळ घालत होता. ती शीळ मी त्याला मरेपर्यंत माफ करणार नाही.

"आता एकच शनिवार उरला हं," तो म्हणाला. "लायलला निरोप देऊ का?"

"दोर ओढ आणि तोंड मीट."

सोमवारी मी ती बॅटरी थुईच्या दुकानाच्या काउंटरवर आदळली. थुई म्हणजे पोस्टाशेजारच्या बॅटरीवाल्याची मुलगी. पहिली ते सहावी माझ्याच बसमध्ये बसली, खिडकीतून हात बाहेर काढायची आणि माझी बोलणी खायची. आता दुकान तीच चालवते.

"मावशी, ही तू दुसरीकडून का घेतलीस?"

"तिथे स्वस्त होती."

"मग माझ्यावर कशाला ओरडतेस?"

"कुणावर तरी ओरडायचंय म्हणून."

ती हसली, तारा लावून मीटर बघितलं. "शिशाच्या बॅटरीवर लिहिलेल्या आकड्यातला निम्माच वापरायचा असतो. त्याखाली ओढलीस की ती आतून खराब होते. तुझी पन्नासची म्हणजे खरी पंचवीसची. त्यात लहान बॅटरीतून मोठीएवढाच जोर ओढला की ती आणखी लवकर बसते. तू पार तळाशी नेलीस हिला."

"म्हणजे उरलेली पंचवीस मी नुसतीच उचलून नेली?"

"हो. शोभेला."

"आणि ती सीलबंद येते ती?"

"तीही शिसंच. सांडत नाही आणि पाणी घालावं लागत नाही, एवढंच. वजनात उलट किलोभर जास्तच भरेल." मग तिने फळीवरून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आकाराने माझ्या जुन्या बॅटरीएवढाच. "उचल."

मी कंबर सांभाळून, गुडघे वाकवून उचलायला गेले आणि डबा एवढा झटकन वर आला की माझा तोल गेला.

"रिकामा आहे काय हा?"

"लिथियम आहे. शंभर एएच. आणि जवळजवळ सगळे शंभर वापरता येतात. वजन साडेअकरा किलो."

मी डबा दोनदा खाली-वर करून बघितला. मग किंमत विचारली, आणि मग भरपूर बोलले. आम्ही सगळी म्हातारी माणसं वर्षानुवर्षं कमरेचे तुकडे करून शिसं वाहतोय, त्यातलं निम्मं शोभेचं, आणि त्याला वर मर्दुमकी म्हणतोय. हलकी वस्तू ज्याला परवडते त्याची पाठ वाचते, बाकीच्यांनी कण्हत राहायचं. थुईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी गाडीमागे ओढायच्या माझ्या कॅरव्हानच्या गळक्या छतासाठी ठेवलेले पैसे मी तिच्या काउंटरवर ठेवले. छत गळू दे.

"जुना चार्जर लावू नकोस हं मावशी, हिचा वेगळा आहे. आणि..." ती काहीतरी सांगत होती, पण तोवर मी दाराबाहेर होते. चूक झाली. बसमध्येही पोरांचं पूर्ण ऐकायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या शनिवारी क्लबची अकरा माणसं काठावर जमली होती. सॉसेज भाजायला ठेवलेले. मी फाटकापासून बॅटरी एका हातात लटकवून खाली आले, बाजारहाट करून यावी तशी.

"हे काय खेळणं आणलंस?" ऑब्रीने विचारलं.

"शंभर एएच आहे."

"एवढ्याशा वजनाची? ही फसवणूक आहे. बॅटरी म्हणजे वजन पाहिजे."

"नियमात वजन लिहिलंय का?"

लायलने क्लबच्या नियमांची वही उघडली, चष्मा लावला, ओळीवर बोट फिरवलं. "आपली बॅटरी, एवढंच आहे रे ऑब्री. किलोबिलो काही नाही."

"वर्षानुवर्षं आम्ही..."

"कंबरा मोडून घ्या असं मी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले, बॅटरी पुढच्या फळीखाली नेहमीच्या जागी ठेवली आणि निघाले.

मोटर मस्त ओढत होती, पण बोट विचित्र चालत होती. नाक वर. धरणाच्या मध्यावर आले तर वाऱ्याने ते वर आलेलं नाक पकडलं आणि बोट गर्रकन वळवली. मी सरळ केली, वाऱ्याने परत वळवली. अशी तीनदा मी काठाकडे तोंड करून बसले. काठावर हशा पिकलेला ऐकू येत होता.

मग डोक्यात प्रकाश पडला. मी मागे बसते, माझं वजन शहाऐंशी किलो. पुढे एकतीस किलोंचं शिसं असायचं, ते बोटीचं नाक दाबून धरायचं. पहिल्या शनिवारी वारा पडलेला होता, म्हणून पंधरा किलोंवर निभावलं. इतकी वर्षं ज्याला शिव्या दिल्या तो ठोकळा एक काम तरी करत होता. थुई हेच सांगत असणार.

मी मोटर बंद केली, चारी पायांवर रांगत पुढे गेले, तिथल्या बर्फाच्या पेटीतली सँडविचं काढून मांडीवर घेतली आणि पाणी उपसायच्या लिटरभराच्या डब्याने धरणाचं पाणी पेटीत भरायला लागले.

"नोरीन!" ऑब्री भोंग्यातून ओरडला. "पाणी बाहेर काढतात, बाई! आत नाही भरत!"

मी हात हलवला. वीसेक डबे ओतले, झाकण लावलं. वीस किलो. आणि हे वीस किलो मला फाटकापासून आणावे लागले नव्हते, ते इथेच फुकट पडले होते. जाताना ओतून दिले की झालं. मागे येऊन बसले, तर नाक शहाण्यासारखं खाली.

पिंपाला वळसा घातला. वारा तोंडावर, मोटर एका सुरात. काठाला लागले तेव्हा मीटरवर निम्म्याहून जास्त शिल्लक होती. त्याच धुंदीत मी न थांबता वळले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिंपाला दुसरा वळसा घालून आले. नियमात एकच होता.

लायलने वहीत माझ्या नावापुढे 'एकटी' असं लिहिलं. अक्षर वाईट, पण मला फार सुंदर दिसलं. "उशी मग ठेवून देतो," तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याचा चेहरा थोडा पडला.

मी पेटीतलं पाणी ओतत होते तेव्हा ऑब्री बोटीपाशी आला. इकडेतिकडे बघितलं. मग फळीखालून बॅटरी उचलली, वजनाचा अंदाज घेतला, या हातातून त्या हातात घेतली.

"खांदा हल्ली रात्री झोपू देत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणाकडून घेतलीस?"

"पोस्टाशेजारी. आणि ती मुलगी बोलत असेल तेव्हा पूर्ण ऐक."

त्याने मान हलवली आणि बॅटरी हातात घेऊन फाटकाच्या दिशेने चढायला लागला. "चल, वर पोचवतो तुला."

मी दहा पावलांत त्याला गाठलं.

"इकडे दे," मी म्हणाले. "माझी आहे ती."